शागिर्दाला सात पौंडांची सवलत
घोडेशर्यतीच्या व्यवसायात तरुण हुनराची पारख कशी होते?

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक, पहिला आलेला घोडा आणि दुसरी, त्याच्यावर लागलेला पैसा. या दोहोंच्या मागे एक मोठा कष्टकरी वर्ग उभा असतो, याचा विचार क्वचितच केला जातो. पहाटे अंधारात तबेल्यात येऊन घोड्याला खरारा करणारा, त्याची चंदी भिजवणारा, त्याच्या पायावरून हात फिरवून कुठे गरम लागते का हे पाहणारा सईस. उजाडता उजाडता घोड्याला सरावासाठी मैदानावर नेणारा रायडिंग बॉय. नाल ठोकणारा नालबंद. दुखणे-खुपणे पाहणारा साळोत्री, ज्याला आता आपण डॉक्टर म्हणतो. आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा ट्रेनर. शर्यत दीड-दोन मिनिटांत संपते. तिच्यामागचे काम मात्र वर्षभर चालते.

या कामात आपल्या समाजातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नालबंद हे तर पश्चिम महाराष्ट्रात आडनावच आहे. मुंबई आणि पुण्याच्या तबेल्यांत बापाचा हात धरून आलेली मुले पुढे तेच काम करू लागली, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. म्हणून या व्यवसायात तरुण मुलाचा गुण कसा ओळखला जातो आणि ओळखल्यावर त्याला काय मिळते, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाल-श्रीफळ मिळते, की काम मिळते?

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. पैज लावणे हराम आहे, मग या धंद्याची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. घोड्यांची शर्यत आणि शर्यतीवरचा जुगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदीन्यात तयार केलेल्या घोड्यांची शर्यत लांब पल्ल्याची आणि तयार न केलेल्या घोड्यांची आखूड पल्ल्याची ठेवली जात असे, ही हजरत इब्ने उमर यांची रिवायत हदीसच्या ग्रंथांत आहे. तेव्हा घोडा, त्याची तयारी आणि स्वारीचे कसब यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र आपल्या देशातील रेस क्लबांचे उत्पन्न मुख्यतः पैजेच्या उलाढालीतून येते, हेही लपवण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणची नोकरी पत्करावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या जाणकारांना विचारून ठरवावे. दुबई वर्ल्ड कप १९९६ साली सुरू झाला तो मैदानावर पैजेची खिडकी न ठेवता, आणि २०२० साली रियाधला सुरू झालेला सौदी कपही तसाच. तिथे खर्च राज्यकर्त्यांच्या तिजोरीतून होतो. म्हणजे हा धंदा जुगाराशिवाय चालतो, पण त्याला कोणीतरी मोठा आश्रयदाता लागतो. असो.

वजनाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नवख्या कारागिराला कोणीही पहिले काम देत नाही. शिंपी आपले महागडे कापड नव्या पोराच्या कात्रीखाली घालत नाही, मग लाखो रुपयांचा घोडा नव्या पोराच्या हाती कोण देईल? सगळ्याच व्यवसायांपुढे ही अडचण आहे. शर्यतीच्या व्यवसायाने तिच्यावर जो तोडगा काढला, तो इतर धंद्यांनीही अभ्यासावा इतका हुशारीचा आहे.

शर्यतीत प्रत्येक घोड्याने किती वजन वाहायचे ते ठरलेले असते. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमजोर घोड्यावर कमी. जॉकी आणि त्याचे खोगीर मिळून वजन कमी भरले, तर खोगिराखाली शिसे ठेवून ते पुरे केले जाते. शिकाऊ जॉकी बसणार असेल, तर घोड्याला ठरलेल्या वजनात सूट मिळते. ब्रिटनच्या सपाट शर्यतींत, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींत, शिकाऊ जॉकीचे २० विजय होईपर्यंत ही सूट ७ पौंड असते. ५० विजयांपर्यंत ती ५ पौंड आणि ९५ विजयांपर्यंत ३ पौंड राहते. त्यानंतर तो इतर जॉकींच्या बरोबरीने बसतो.

७ पौंड म्हणजे सव्वातीन किलोंच्या आतबाहेर. ऐकायला किरकोळ वाटते. पण मैलभराच्या शर्यतीत २ पौंडांचा फरक म्हणजे साधारण एक लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या अंगाएवढे अंतर, असा ठोकताळा वजन ठरवणारे लोक धरतात. त्या हिशेबाने ७ पौंडांची सूट म्हणजे साडेतीन लेंग्थ झाल्या. कित्येक शर्यतींचा निकाल याहून कमी अंतराने लागतो.

यातली खुबी लक्षात घ्या. मालकाला दानधर्म करायचा नसतो, त्याला शर्यत जिंकायची असते. नियमच असा केला आहे की नव्या पोराला संधी देण्यात मालकाचा स्वतःचा फायदा व्हावा. पोर कच्चे असेल तर वजनाची सूट त्याच्या चुका भरून काढते, आणि पोर खरोखर गुणी निघाले तर सूटही मिळते आणि कसबही मिळते. पोर जसे शिकत जाते, तशी सूट आपोआप कमी होत जाते. कोणाला अर्ज नको की शिफारस नको. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ असाही रिवाज होता की शिकाऊच्या स्वारीच्या फीतला अर्धा वाटा त्याच्या उस्तादाला, म्हणजे ट्रेनरला मिळे. त्यामुळे शागिर्दाला पुढे आणण्यात उस्तादाचाही स्वार्थ गुंतलेला असे. मोठ्या मानाच्या शर्यतींत मात्र ही सूट चालत नाही. तिथे जो तो आपल्या बळावर.

आपल्या देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१६ पासून शिकाऊंच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. विचार तोच आहे, की शिकवणाऱ्या मालकाला काहीतरी मिळाले पाहिजे. पण तिथे फॉर्म भरावे लागतात. शर्यतीच्या मैदानावर वजनकाट्यावरच हिशेब मिटतो.

नालबंदाचा मुलगा

या पद्धतीतून पुढे आलेल्या तरुणांत सर्वांत गाजलेले नाव अमेरिकेच्या स्टीव्ह कॉथेन यांचे. जन्म १९६०, गाव केंटकी राज्यातील वॉल्टन, वडील व्यवसायाने नालबंद. लहानपणी गवताच्या गंजीवर बसून, तोच घोडा समजून, चाबूक या हातातून त्या हातात घेण्याचा सराव हा मुलगा तासन्‌तास करीत असे. १९७६ साली सोळाव्या वर्षी त्याला परवाना मिळाला. अमेरिकेत शिकाऊ जॉकीच्या वजनापुढे कार्यक्रमपत्रिकेत एक फुली-चांदणीसारखी खूण छापतात. ती किड्यासारखी दिसते म्हणून अशा पोरांना तिथे ‘बग बॉय’ म्हणतात. ही खूण असलेल्या कॉथेनने १९७७ या एका वर्षात ४८७ शर्यती जिंकल्या. त्याच्या घोड्यांनी मिळवलेली बक्षिसे ६० लाख डॉलरांच्या वर गेली. एका वर्षात इतकी मजल त्यापूर्वी कोणत्याही जॉकीने मारली नव्हती.

अमेरिकेत एक्लिप्स अवॉर्ड नावाचे पुरस्कार १९७१ पासून दिले जातात. त्यात सर्वोत्तम जॉकीबरोबरच सर्वोत्तम शिकाऊ जॉकी असा वेगळा पुरस्कार सुरुवातीपासून आहे. कॉथेनला १९७७ सालचे हे दोन्ही पुरस्कार मिळाले. शागिर्द आणि उस्ताद दोन्ही एकच! पुढच्या वर्षी अठराव्या वर्षी त्याने अफर्म्ड या घोड्यावर बसून ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतील तीन सर्वांत मोठ्या शर्यती एका मोसमात जिंकल्या. त्यानंतर असा पराक्रम पुन्हा घडायला २०१५ साल उजाडावे लागले.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. १९७९ च्या सुरुवातीला याच मुलाच्या वाट्याला कॅलिफोर्नियात ओळीने ११० पराभव आले. ज्या लोकांनी डोक्यावर घेतले होते, तेच आता याचे दिवस संपले म्हणू लागले. अंगकाठीही वाढत चालली होती आणि अमेरिकेत वजनाची मर्यादा फार कडक. त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला. तिथे नव्या धर्तीची स्वारी शिकला आणि १९८४, १९८५ व १९८७ अशा तीन वर्षी तिथला अव्वल जॉकी ठरला. पहिल्या वर्षाच्या कौतुकावर त्याने आयुष्य काढले नाही.

या व्यवसायातले लोक जे उघडपणे बोलत नाहीत ते असे की सवलत संपण्याचा दिवस हा शिकाऊच्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस असतो. अमेरिकेत ती साधारणपणे पाचव्या विजयापासून एक वर्ष टिकते. काल ज्याच्यासाठी चार ट्रेनर निरोप पाठवत होते, त्याला आज एकही निरोप येत नाही, कारण तोवर ७ पौंडांची सूट घेऊन दुसरा कोवळा पोरगा हजर झालेला असतो. जो पोरगा फक्त सुटीच्या जोरावर जिंकत होता तो इथे गळतो. ज्याने त्या काळात घोड्याची चाल ओळखणे, शर्यतीचा वेग मोजणे आणि उतरल्यावर ट्रेनरला घोड्याबद्दल दोन नेमकी वाक्ये सांगणे या गोष्टी शिकून घेतल्या, तो टिकतो. म्हणून नुसत्या विजयांच्या आकड्यावरून पारख करणे धोक्याचे आहे. माझ्या मते शिकाऊचा खरा कस त्याच्या शंभराव्या विजयानंतरच्या सहा महिन्यांत लागतो.

शाळा आणि आश्रयदाते

जपानने या कामासाठी सरळ शाळाच काढली. टोकियोजवळ चिबा प्रांतात शिरोई येथे तिथल्या मध्यवर्ती रेसिंग संघटनेची शाळा १९८२ साली सुरू झाली. जॉकीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. मूठभर मुले निवडली जातात. ती वसतिगृहात राहतात, स्वारीबरोबर घोड्याची लीद काढण्यापासूनची सगळी कामे करतात आणि स्वतःचे वजन रोज सांभाळतात. १९८७ साली याच शाळेतून बाहेर पडलेल्या युताका टाके यांनी पहिल्याच वर्षी ६९ विजय मिळवले. नवागताचा तो विक्रम २००८ मध्ये मिउरा या दुसऱ्या तरुणाने ९१ विजयांनी मोडेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे टिकला. टाके यांनी २०१८ साली ४००० विजयांचा टप्पा ओलांडला. जपानमध्येही वजनाची सूट आहे. शिकाऊच्या नावापुढे त्रिकोण किंवा चांदणी छापली जाते आणि शंभर विजय होईपर्यंत ती घटत घटत जाते. मुली या धंद्यात येऊनही त्यांना स्वाऱ्या मिळत नाहीत हे पाहून संघटनेने २०१९ पासून महिला जॉकींना अधिक सूट दिली, आणि शंभर विजयांनंतरही २ किलोंची सूट कायम ठेवली. २०२२ साली इमामुरा सेइना या मुलीने पहिल्याच वर्षी ५१ विजय मिळवले. संधी मिळाल्यावर काय होते ते यावरून दिसून आले.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जॉकी अकादमी १९५८ साली स्थापन झाली. तिथून शिकलेले मायकेल रॉबर्ट्स १९९२ मध्ये ब्रिटनचे अव्वल जॉकी झाले. या अकादमीची दारे पुढे सर्व वर्णांच्या मुलांना उघडली. एस्‌मांगा खुमालो हा डर्बनजवळच्या वस्तीतला काळा मुलगा; अंगाने लहान म्हणून तो निवडकर्त्यांच्या नजरेत भरला. २०१३ साली डर्बन जुलै ही त्या देशातली सर्वांत मानाची शर्यत जिंकणारा तो पहिला काळा जॉकी ठरला. त्याच्या घरात घोड्यांचा धंदा करणारे कोणी नव्हते. घराणे नसलेल्या मुलापर्यंत निवडकर्ते पोहोचले, ही गोष्ट मला विक्रमांपेक्षा मोठी वाटते.

आश्रयदात्याची नजर कशी असावी याचे उदाहरण दुबईचे. सईद बिन सुरूर हे तिथल्या पोलीस खात्यात नोकरीला होते आणि जोडीला थोडे घोडे तयार करीत. शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांनी त्यांचे काम पाहून त्यांना आपल्या गोडॉल्फिन तबेल्याची जबाबदारी दिली. १९९५ साली त्यांनी तयार केलेल्या लम्तारा या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. पुढे ते चार वेळा ब्रिटनचे अव्वल ट्रेनर ठरले, आणि दुबई वर्ल्ड कप त्यांच्या घोड्यांनी नऊ वेळा जिंकला. मात्र याच गोडॉल्फिनच्या दुसऱ्या एका ट्रेनरला, महमूद अल झरूनी यांना, घोड्यांना स्टेरॉइड दिल्याप्रकरणी २०१३ साली आठ वर्षे बाद करण्यात आले. तेही असेच सहायक म्हणून काम करता करता वर आले होते. गुण ओळखणे जितके गरजेचे, तितकेच वर चढवलेल्या माणसावर देखरेख ठेवणेही गरजेचे आहे, हे त्या तबेल्याला फार महागात शिकावे लागले.

शेख मोहम्मद यांच्याच पुढाकाराने २००३ पासून व्यवस्थापनाचा एक दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. आता तो गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट या नावाने ओळखला जातो. दरवर्षी जगभरातून बारा तरुण-तरुणी निवडले जातात. आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दुबई अशा पाच ठिकाणी ते शिकतात आणि खर्च संस्था उचलते. स्टड फार्म चालवणे, लिलावात घोडा पारखणे, हिशेब ठेवणे अशा बाजूंकडे ज्यांचा कल आहे त्यांच्यासाठी ही वाट आहे. पदवीधर आणि इंग्रजी चांगले असलेल्या आपल्या मुलांनी तिची माहिती काढावी.

सईसाची गोष्ट

इथपर्यंत जॉकी आणि ट्रेनर झाले. पण तबेल्यातील बहुसंख्य माणसे ही नव्हेत. घोड्याजवळ सर्वांत जास्त वेळ असतो तो सईस. घोड्याने रात्री चंदी शिल्लक ठेवली, उजवा मागचा पाय जरा जपून टेकला, आज कान मागे टाकले आहेत, हे प्रथम त्याच्या ध्यानात येते. त्याची पारख कोण करतो?

ऑस्ट्रेलियात याचे एक सुंदर उदाहरण आहे. फार लॅप या घोड्याने १९३० साली मेलबर्न कप जिंकला. त्याचा सांभाळ टॉमी वुडकॉक नावाचा तरुण करीत असे. घोडा त्याच्या हाताशिवाय खात नसे असे सांगतात. १९३२ साली कॅलिफोर्नियात तो घोडा मेला, तेव्हाही वुडकॉक त्याच्यापाशीच होता. पुढे तो स्वतः ट्रेनर झाला आणि १९७७ च्या मेलबर्न कपमध्ये त्याचा रेकलेस हा घोडा दुसरा आला. आज मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोड्याच्या सईसाला जो चषक मिळतो, त्याला टॉमी वुडकॉक यांचे नाव आहे. २०१५ साली मिशेल पेन ही ही शर्यत जिंकणारी पहिली महिला ठरली. त्या घोड्याचा सांभाळ तिचा भाऊ स्टीवी करीत असे. त्याला जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. घोड्याची सुरुवातीची जागा ठरवण्याची चिठ्ठी त्यानेच काढली होती, आणि ती पहिल्या क्रमांकाची निघाली.

ब्रिटनमध्ये शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये घोडे फिरवले जातात, तेव्हा सर्वांत नीटनेटक्या राखलेल्या घोड्याच्या सईसाला तिथल्या तिथे छोटे रोख बक्षीस देण्याची प्रथा आहे. रक्कम फार नसते, पण घोडा हरला तरी सईसाचे काम चांगले होते हे चारचौघांत मान्य होते. जिंकलेल्या रकमेतला एक ठरावीक भाग तबेल्यातील सर्व नोकरांत वाटला जातो. तो मालकाच्या मर्जीवर नसतो, नियमाने मिळतो. याशिवाय सन २००५ पासून तबेला व स्टड फार्मवरील कामगारांसाठी दरवर्षी पुरस्कार दिले जातात. त्यांत नवागतासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि मोठ्या बक्षिसाचा हिस्सा विजेत्याच्या तबेल्यातील सहकाऱ्यांनाही मिळतो. हे मला फार योग्य वाटते. एकट्याला उचलून धरले की बाकीचे नाराज होतात, हे कोणत्याही कारखान्याच्या फोरमनला ठाऊक आहे. अमेरिकेत असे पुरस्कार २०१६ पासून सुरू झाले.

हे सगळे केवळ दयेपोटी घडले असे समजू नये. ब्रिटन आणि आयर्लंडच्या तबेल्यांत माणसेच मिळेनात. पहाटेचे काम, थंडी, इजा आणि बेताचा पगार यांमुळे तिथली तरुण पिढी पाठ फिरवू लागली. गेल्या काही वर्षांत भारतातले कसबी सवार तिकडे कामाला गेले आहेत, ते याच तुटवड्यामुळे. दुबईच्या तबेल्यांत तर भारत-पाकिस्तानातील सईस फार पूर्वीपासून आहेत.

आपल्या दाराशी

महाराष्ट्रात हा व्यवसाय रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या हाती आहे. हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर आणि पावसाळ्यात पुण्याला, असा मोसम फिरतो. त्याबरोबर घोडे आणि माणसेही फिरतात. पुण्याच्या आसपास पूनावाला, मांजरी, नानोली असे नामांकित स्टड फार्म आहेत. शिकाऊ जॉकीला वजनाची सूट आपल्याकडेही मिळते, आणि शिकाऊचा परवाना एखाद्या ट्रेनरच्या हाताखाली राहूनच मिळतो.

गुणी मुलाला वर जाण्याची वाट इथेही आहे, हे नाकारता येणार नाही. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून अव्वल स्थान मिळवले आणि मग ट्रेनर म्हणूनही तितकेच नाव कमावले. अस्लम कादर हे नाव एका संपूर्ण पिढीला परिचित आहे. नर्रेडू घराण्यात सतीश आणि मालेश या भावांनंतर पुढच्या पिढीतील सूरज आणि यश हेही जॉकी झाले. चेन्नईच्या रूपा सिंग यांनी पुरुषांच्या या क्षेत्रात शेकडो विजय मिळवून दाखवले. पण यातली बरीच मुले घरातच घोडा पाहत वाढलेली. बापाची ओळख नसलेला, झोपडपट्टीतला, अंगाने किरकोळ पण धीट मुलगा शोधायला आपल्याकडे कोणी शाळाशाळांतून हिंडत असल्याचे दिसत नाही.

सईसाची स्थिती तर याहून बिकट. रेसबुक उघडून पाहा. घोड्याचे नाव, आई-बापाचे नाव, मालक, ट्रेनर, जॉकी, जॉकीच्या कपड्यांचे रंगसुद्धा छापलेले असतात. सईसाचे नाव नसते. घोडा जिंकला की मालक खूश होऊन बक्षिसी देतो. ती मर्जीची गोष्ट. वीस वर्षे घोडे सांभाळलेल्या माणसाजवळ आपण कोणकोणते घोडे सांभाळले याचा एक कागदही नसतो. नालबंदाचे तेच. हाताला कसब आहे, पण ते सिद्ध कशाने करायचे?

हा कागद पूर्वी लागत नव्हता, आता लागणार आहे. व्यवसाय आक्रसत चालला आहे. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी पालिकेकडे आणि ९१ एकर क्लबाकडे, अशी वाटणी २०२४ साली ठरली. शर्यतीवरच्या पैजेवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जुगारावर कर वाढला याचे दुःख करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु क्लबाची उलाढाल घटली की शर्यतींची बक्षिसे घटतात, बक्षिसे घटली की मालक घोडे कमी ठेवतो, आणि घोडे कमी झाले की पहिली नोकरी सईसाची जाते. अशा वेळी ज्याच्याजवळ अनुभवाचा पुरावा असेल त्याला बंगळूर, हैदराबाद, स्टड फार्म, रायडिंग क्लब किंवा परदेश अशा वाटा मोकळ्या राहतात.

म्हणून ज्यांची मुले या कामात आहेत त्या पालकांनी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. मुलगा जॉकी होणार म्हणून शाळा सोडवू नये. दहावीपर्यंत तरी शिकू द्यावे. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी हाड वाढते आणि पन्नास-पंचावन्न किलोंच्या आत राहणे अशक्य होते, असे कित्येक मुलांच्या बाबतीत घडते. उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवण्यात प्रकृतीची नासाडी होते. असा मुलगा चांगला रायडिंग बॉय, नालबंद किंवा पुढे ट्रेनरचा सहायक होऊ शकतो, पण त्यासाठी लिहिता-वाचता आले पाहिजे. पडणे हे या कामात रोजचेच, तेव्हा विमा आहे का आणि उपचाराचा खर्च कोण करणार, हे परवाना घेतानाच विचारावे.

आणि मोसम संपला की ट्रेनरकडून लेखी दाखला मागून घ्यावा. मागण्यात संकोच नसावा. चांगले ट्रेनर तो आनंदाने देतात. ‘अमुक इसम आमच्याकडे कामास होता’ एवढा दाखला उपयोगाचा नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती घोडे, त्यांची नावे, नवखे वासरू शिकवले की तयार घोडा सांभाळला, सरावाला स्वतः बसत होता का, इंजेक्शन-पट्टीला डॉक्टरांना मदत केली का, हे त्यात यावे. दाखला इंग्रजीत असावा, खाली ट्रेनरची सही, परवान्याचा क्रमांक आणि तारीख असावी, आणि त्याच्या दोन झेरॉक्स प्रती काढून एक घरी ठेवावी.